राऊटरची धूळ बिटपाशीच पकडा: घरच्या वर्कशॉपसाठी नॉझल, पाईप आणि व्हॅक्युम कसा निवडायचा

राऊटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटने (कापणाऱ्या पात्याने) लाकडात खाचा मारायचं, कडा गोल करायचं विजेचं हत्यार. नवीन राऊटर घेतलेल्या माणसाचा महिन्याभरात एक प्रश्न हमखास येतो, "व्हॅक्युम क्लीनर कुठला घेऊ?" आणि मी दरवेळी उलट विचारते की राऊटरने काम काय करणार, तो हातात धरून चालवणार की टेबलाखाली लावणार, आणि त्याच्या बेसला (लाकडावर टेकणाऱ्या तळाला) पाईप जोडायला काही सोय आहे का. कारण व्हॅक्युम या सगळ्यात शेवटी येतो. धूळ बिटपाशी पकडली गेली तर साध्या व्हॅक्युमवरही काम भागतं, आणि तिथेच निसटली तर कितीही महाग मशीन आणा, ती खोलीभर होणारच. म्हणून मी बिटपासून सुरू करून मशीनपर्यंत जाते, तुम्हीही खरेदी करताना याच क्रमाने जा.

माझं वर्कशॉप म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी, चार फूट बाय सात फूट, त्यात एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन. घरात आईला दमा. सुरुवातीला मी दार लावून, तोंडाला रुमाल बांधून काम करायचे आणि नंतर झाडू मारायचे, वाटायचं झालं स्वच्छ. एका शनिवारी एमडीएफच्या (लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेल्या बोर्डाच्या) बऱ्याच फळ्यांच्या कडा गोल केल्या, दुपारभर तेच चालू होतं, आणि रात्री आईचा दमा उसळला. तेव्हा लाईट लावून बघितलं तर दाराखालच्या फटीतून आलेली ती मऊ पिवळट पावडर फ्रीजवर, देव्हाऱ्यातल्या समईवर, तिच्या उशीशेजारच्या टेबलावर, सगळीकडे. त्यानंतर मी धुळीची सोय केल्याशिवाय राऊटर चालू केलेला नाही.

आधी ही धूळ काय असते ते

राऊटरचं बिट मिनिटाला १०,००० ते ३०,००० फेरे मारतं. रंध्यातून ढलप्या निघतात, करवतीतून जाडसर भुसा पडतो, पण राऊटरमधून भुशासोबत अगदी पिठासारखी पावडरही निघते, आणि एमडीएफ असेल तर जवळजवळ सगळी पावडरच. जाड भुसा खाली पडतो, तो दिसतो, तो झाडता येतो. खरा त्रास १० मायक्रॉनच्या खालच्या कणांचा, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज घ्या. हे कण तासन्‌तास हवेत तरंगतात, आपण काम संपवून मास्क काढून चहा प्यायला बसतो तेव्हाही ते तिथेच असतात, आणि त्यातले सगळ्यात बारीक थेट फुप्फुसात खोलवर जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ गट १ मध्ये टाकली, म्हणजे माणसात कॅन्सर करते असा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत, मुख्यतः नाक आणि नाकालगतच्या सायनसच्या कॅन्सरमुळे. एमडीएफ आणि बऱ्याचशा प्लायमध्ये जो डिंक असतो त्यात फॉर्मल्डिहाईड असतं, तेही गट १ मध्येच आहे. आता हा पुरावा वर्षानुवर्षं फर्निचरच्या कारखान्यात काम केलेल्या लोकांवरून आलाय, शनिवार-रविवार दोन तास काम करणाऱ्याचा धोका तेवढा नाही हे खरं, पण कारखान्याची शेड मोठी असते आणि आपली खोली आठ बाय दहाची, शिवाय शेजारच्या खोलीत लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात. शिसवाच्या धुळीने काहींच्या कातडीला खाज आणि पुरळ येतं तेही लक्षात ठेवा, एकदा अ‍ॅलर्जी सुरू झाली की पुढच्या वेळी थोड्या धुळीनेही होते.

पायरी १: तुमचं काम कुठलं ते ठरवा

राऊटरचं काम धुळीच्या हिशोबाने तीन प्रकारचं असतं आणि तिन्हीत धूळ वेगवेगळ्या दिशेने उडते.

पहिलं म्हणजे खाच मारणं, शेल्फसाठी ग्रूव्ह, नावाची पाटी कोरणं वगैरे. यात बिटच्या दोन्ही बाजूला लाकूड असतं त्यामुळे भुसा वरच येतो, बेसच्या मधल्या भोकातून. हे पकडायला सगळ्यात सोपं, बेसवर नीट नॉझल, म्हणजे बिटभोवती बसणारं आणि पाईपला जोडायचं तोंड, बसवलं की जवळजवळ सगळं ओढलं जातं.

दुसरं कडेचं काम, म्हणजे राऊंड ओव्हर (कड गोल करणं), चॅम्फर (कड तिरकी कापणं), सनमायका ट्रिम करणं, आणि नवीन माणूस सर्वात जास्त हेच करतो. इथे अर्धं बिट लाकडात आणि अर्धं बाहेर मोकळ्या हवेत फिरतं आणि भुसा बाहेरच्या बाजूला जोरात फेकला जातो, वरच्या नॉझलला त्यातला बराचसा सापडतच नाही. यासाठी बिटच्या बाहेरच्या बाजूने, कडेच्या खालपर्यंत उतरणारं गार्डसारखं नॉझल लागतं. लोक इथेच फसतात, म्हणजे खाचेच्या कामासाठीचं नॉझल घेतात, त्याने कडा मारतात आणि मग व्हॅक्युम कमजोर आहे म्हणून अजून मोठा व्हॅक्युम आणतात.

तिसरं राऊटर टेबल. राऊटर उलटा टेबलाखाली, बिट वर. इथे धूळ दोन जागी जाते, फेन्सकडे (लाकूड टेकवून सरकवायच्या उभ्या पट्टीकडे) आणि टेबलाच्या खाली, आणि दोन्हीकडून ओढावं लागतं. फक्त फेन्सला पाईप लावला तर खालचा राऊटर भुशात बुडतो, त्याचा कूलिंगचा पंखा तोच भुसा आत घेतो आणि मोटरचं आयुष्य कमी होतं. टेबलाखाली राऊटरभोवती प्लायची पेटी करून तिला पाईप लावणं हा चांगला उपाय, फक्त पेटी पूर्ण हवाबंद करू नका, मोटरला थंड व्हायला बाहेरची हवा आत यायला हवी, म्हणून पेटीच्या दारात दोन-तीन मोठी भोकं ठेवा.

पायरी २: नॉझल

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. आधी तुमच्या मॉडेलचं नॉझल कंपनीकडून मिळतं का ते बघा, उदाहरणार्थ मकिताच्या आरटी०७००सी या ट्रिमरला (छोट्या राऊटरला) डस्ट नॉझल मिळतं. राऊटर अजून घेतला नसेल तर दुकानातच विचारा की याचं नॉझल मिळेल का, आणि मिळत असेल तर ते सोबतच घ्या, मागाहून मागवलं की महिनाभर वाट बघावी लागते आणि तो महिना आपण धुळीत काम करतो.

नसेल मिळत तर ३ किंवा ४ मिलिमीटरच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून करता येतं, किंवा ओळखीत कुणाकडे थ्रीडी प्रिंटर असेल तर छापून घेता येतं. पारदर्शकच हवं, बिट दिसलं नाही तर काम नीट होत नाही आणि बोटंही धोक्यात. बसवताना राऊटरचा प्लग बोर्डातून काढलेला हवा, नुसता स्विच बंद चालणार नाही, आणि बसवल्यावर बिट हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा की कुठे घासत नाही. तुमच्याकडचं सगळ्यात मोठं बिट लावूनही एकदा बघा.

अजून एक, सगळीकडून घट्ट बंद केलं म्हणजे जास्त ओढेल असं वाटतं पण तसं होत नाही. भुसा हवेबरोबर वाहून जातो, आत येणारी हवाच नसेल तर पाईपमध्ये नुसता ताण तयार होतो आणि भुसा जागचा हलत नाही. बिटच्या आसपास हवेला शिरायला वाट ठेवा, म्हणजे ती हवा बिटवरून जाताना भुसा घेऊन जाते.

पायरी ३: पाईप आणि जोडणी

आता व्हर्निअर कॅलिपर घ्या, साधा प्लास्टिकचा चालेल, आणि नॉझलच्या तोंडाचा आतला आणि बाहेरचा दोन्ही व्यास मोजून कागदावर लिहा. कारण ३५ मिलिमीटर लिहिलेला एका कंपनीचा पाईप दुसऱ्या कंपनीच्या ३५ च्या तोंडात बसेलच असं नाही, कोणी आतला मोजतं, कोणी बाहेरचा, कोणी नुसतं नाव म्हणून लिहितं. हा मोजलेला कागद घेऊन दुकानात जा, मी पहिल्यांदा अंदाजाने आणलेले तीन अडॅप्टर अजून डब्यात पडलेत.

जाडी किती घ्यायची? पाव इंची कोलेटच्या (बिट धरणाऱ्या पकडीच्या) छोट्या ट्रिमरला २७ ते ३२ मिलिमीटरचा पाईप हलका पडतो आणि हात फिरायला मोकळा राहतो. अर्धा इंची मोठ्या प्लंज राऊटरला (ज्यात बिट वरून दाबून लाकडात उतरवता येतं) मात्र ३५ च्या आसपास घ्या, सागवानात खोल खाच मारली की लांब तंतू निघतात आणि बारीक पाईप वळणावर तुंबतो. लांबी गरजेपुरतीच, साडेतीन-चार मीटर पुष्कळ. व्यास थोडाच कमी केला तरी हवेला अडथळा खूप वाढतो, आणि आतून कंगोरे असलेला लांब पाईप असेल तर व्हॅक्युमची निम्मी ताकद पाईपमध्येच संपते.

अडॅप्टर मिळाला नाही तर प्लंबिंगच्या दुकानात जा. आपल्याकडे पाण्याचे पीव्हीसी पाईप बाहेरच्या व्यासाने ओळखले जातात, ३२, ४०, ५०, ६३ असे, त्यामुळे मोजलेल्या मापाच्या जवळचा वीतभर तुकडा मागता येतो. त्याचं टोक हीट गनने मऊ करून नॉझलसारख्याच मापाच्या लाकडी गोलावर चढवलं की त्या आकाराचं होतं (थेट नॉझलवर चढवू नका, तेही वितळेल). थोडा ढिला राहिला तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बाहीसारखा वर ओढायचा, हवा निसटत नाही आणि पाहिजे तेव्हा निघतो.

पाईप वरून लटकवा. जमिनीवरून ओढत आणला तर तो टेबलाच्या कडेला अडकतो आणि नेमका कोरता कोरता राऊटरला झटका बसतो, लाकूड तर जातंच पण हातही जाऊ शकतो. मी छताच्या हुकाला दोरी आणि कपड्यांना लावायचा मोठा चिमटा लावलाय. कोरड्या हवेत, डिसेंबर-जानेवारीत, प्लास्टिकच्या पाईपवर स्थिर वीज साठून छोटे शॉक बसतात, त्यासाठी अँटिस्टॅटिक पाईप मिळतो, पण तो अर्थिंग असलेल्या व्हॅक्युमलाच लावून उपयोग.

पायरी ४: आता मशीन

बाजारात दोन जातीची मशिनं आहेत आणि दोघांचं काम वेगळं आहे. व्हॅक्युम क्लीनर हवा कमी ओढतो पण जोर खूप, साधारण २० किलोपास्कलच्या आसपास, त्यामुळे बारीक पाईपमधूनही भुसा ओढून आणतो. डस्ट कलेक्टर, तो कापडी मोठ्या पिशवीचा, हवा प्रचंड ओढतो पण जोर व्हॅक्युमच्या दहाव्या भागाइतकाच असतो, म्हणून त्याला चार इंची पाईप लागतो. प्लेनर (रंध्याचं मशीन), टेबल सॉ (टेबलात बसवलेली करवत) यांना तो उत्तम. त्याला रिड्यूसर (मोठ्या पाईपला बारीक पाईप जोडायचा तुकडा) लावून ३५ मिलिमीटरचा पाईप हातातल्या राऊटरला जोडला तर जवळजवळ काहीच ओढत नाही, हे मी एका ओळखीच्या गाळ्यात स्वतः बघितलंय, मालकाला वाटत होतं मोटर खराब आहे. तेव्हा हातातल्या राऊटरसाठी डोळे झाकून व्हॅक्युम. मोठं राऊटर टेबल असेल, त्याखाली पेटी असेल, आणि पुढे प्लेनर घ्यायचा विचार असेल तरच कलेक्टरचं बघा.

घरातला केर काढायचा व्हॅक्युम वापरू नका. त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये ओढलेली हवाच मोटरला थंड करते, म्हणजे फिल्टर तुंबला की मोटर तापते, आणि राऊटरच्या पावडरीने तो दहा मिनिटात तुंबतो. वेट अँड ड्राय व्हॅक्युममध्ये साधारणपणे मोटरला थंड करणारी हवा वेगळी असते. कारचरचा डब्ल्यूडी ३, बॉशचा गॅस १५ पीएस, शिवाय इनाल्सा, अगारो यांचेही मिळतात. नावापेक्षा खालच्या गोष्टी बघा.

पिशवी लागते का हे सगळ्यात आधी. कापसासारखी फ्लीसची पिशवी असेल तर बारीक पावडर तिच्यातच राहते, फिल्टर जास्त दिवस साफ राहतो, आणि टाकताना तोंड बंद करून टाकता येते, परत धूळ उडत नाही. पिशवी महाग पडते म्हणून लोक ती काढून टाकतात, मग टाकी रिकामी करताना जेवढी वाचवली तेवढी धूळ खातात. दुसरं, फिल्टर. लाकडाच्या धुळीसाठी युरोपात मशिनांना एल, एम, एच असे वर्ग आहेत, एल वर्ग जास्तीत जास्त १ टक्का धूळ बाहेर सोडतो, एम वर्ग ०.१ टक्का, आणि ब्रिटनमध्ये लाकडाच्या कामाला एम वर्गाचीच शिफारस आहे. आपल्याकडे घरगुती बजेटमध्ये बहुतेक एल किंवा वर्गच न लिहिलेली मशिनं मिळतात. त्यात पिशवी अधिक हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारा) अशी जोडी बसत असेल तर ती घ्या, आणि घेण्याआधी दुकानदाराला विचारा की सुटा फिल्टर आणि पिशव्या आज स्टॉकमध्ये आहेत का. नसतील तर ते मशीन सोडून द्या, कितीही स्वस्त असलं तरी.

मशीनवरच टूल लावायचा प्लग असेल तर फार सोय होते, राऊटर चालू केला की व्हॅक्युम आपोआप चालू होतो. तो नसेल तर माणूस "एवढीच तर कड आहे" म्हणून व्हॅक्युम न लावता मारतो, हे मी अनुभवाने सांगते. वॅट किती लिहिलेत याला फार महत्त्व देऊ नका, तो वीज खाण्याचा आकडा आहे, ओढण्याचा नाही.

पायरी ५: सायक्लोन लावायचा का

रोज काम असेल तर लावा. प्लास्टिकचा शंकूसारखा सायक्लोन मिळतो, तो झाकणावर बसवून खाली ड्रम ठेवायचा, हवा आत गरगर फिरते, जड भुसा ड्रममध्ये पडतो आणि व्हॅक्युमपर्यंत फक्त बारीक पावडर जाते. त्यामुळे पिशवी महिनोन्‌महिने पुरते. पण ती उरलेली बारीक पावडरच आपल्याला नको असते, म्हणून सायक्लोन लावला तरी पिशवी आणि चांगला फिल्टर काढायचा नाही.

ड्रम मात्र जाड घ्या. मी रंगाची २० लिटरची रिकामी बादली वापरली, छान चाललं, आणि एक दिवस पाईपच्या तोंडाशी प्लायची चिपटी अडकली तशी बादली एका क्षणात आत चेपली, झाकण उडालं आणि सगळा भुसा बाल्कनीभर. आता जाड निळा ड्रम आहे. बादलीच वापरायची असेल तर आत प्लायच्या दोन रिंगा बसवा. झाकणाला रबर गॅस्केट हवंच, खालून जराशी हवा शिरली तरी पडलेला भुसा परत वर उचलला जातो आणि सायक्लोनचं काम थांबतं.

पायरी ६: वीज

यावर कोणी बोलत नाही. घरातला छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, २३० व्होल्टला हिशोब केला तर जेमतेम १,३८० वॅट. ७१० वॅटचा ट्रिमर आणि १,२०० वॅटचा व्हॅक्युम मिळून १,९१० वॅट, म्हणजे आठ अँपिअरच्या वर. मोठा १,८०० वॅटचा राऊटर असेल तर दोन्ही मिळून १३ अँपिअर. हे साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवलं तर बोर्ड तापतो, वितळतो. १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटवर लावा, गीझर किंवा वॉशिंग मशीन त्याच लाईनवर असेल तर ते बंद ठेवा, आणि व्हॅक्युमवरच्या प्लगवर जास्तीत जास्त किती वॅट लिहिलेत ते वाचूनच राऊटर जोडा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

पायरी ७: रात्री टॉर्च लावून बघा

ही मला सगळ्यात आवडणारी पायरी आहे. सगळं जोडलं की रात्री आधी लाईटमध्ये नेहमीसारखी एक कड मारा, राऊटर थांबवून खाली ठेवा, मग खोलीतला लाईट बंद करा आणि मोबाईलचा किंवा चांगला टॉर्च आडवा धरा, प्रकाशाच्या झोताकडे थोडं तिरकं बघा. दिवसा अजिबात न दिसणारी धूळ त्या झोतात चांदीसारखी दिसते. कुठून जास्त येते ते कळतं, नॉझलच्या डाव्या बाजूने की व्हॅक्युमच्या मागच्या हवेतून. मागून येत असेल तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा फाटलाय. मला या टॉर्चमुळेच कळलं की माझा नवा फिल्टर एका बाजूने अर्धा सेंटीमीटर वर राहिला होता. (राऊटर चालू असताना अंधार करू नका, आधी थांबवा मगच लाईट बंद.)

एवढं करूनही मास्क लागतो

कडेच्या कामात थोडी धूळ सुटतेच. रुमाल आणि सर्जिकल मास्क याला उपयोगाचे नाहीत, एन९५ किंवा आयएस ९४७३ (भारतीय मानक) चा एफएफपी२ छापलेला घ्या, झडप असलेला घेतला तर उकाड्यात सुसह्य होतो. नाकावरची पट्टी दाबून बसवा, दाढी असेल तर तो नीट बसत नाही हेही सांगते. काम संपल्यावर अर्धा तास तरी मास्क काढू नका. खिडकीत एक्झॉस्ट फॅन असेल तर तो चालू, सिलिंग फॅन बंद. झाडू आणि ब्लोअर दोन्ही वापरू नका, व्हॅक्युमनेच आवरा आणि मग ओलं फडकं. राऊटर आणि व्हॅक्युम दोन्ही एकत्र चालले की आवाज खूप होतो, कानात इअर प्लग घाला, आणि सोसायटीत दुपारी दोन ते चार टाळा.

बजेट कमी असेल तर मास्क आज, नॉझल या महिन्यात, पिशवीवाला व्हॅक्युम जमेल तेव्हा, सायक्लोन सगळ्यात शेवटी. व्हॅक्युम येईपर्यंत एमडीएफ घरात राऊट करू नका, गच्चीवर मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून करा.

आणि आगीचं. बोथट बिट लाकूड जाळतं, कड काळी पडते, वास येतो, त्यातली एखादी ठिणगी भुशाच्या पिशवीत जाऊन तासाभराने पेटू शकते. असा वास आला तर काम थांबवा, बिट बदला, आणि व्हॅक्युम तसाच घरात ठेवून झोपू नका, पिशवी बाहेर काढून उघड्यावर ठेवा. ज्या व्हॅक्युममध्ये लाकडाचा भुसा आहे त्याने ग्राइंडरच्या ठिणग्या किंवा राख कधीच ओढू नका. पावसाळ्यात पिशवी अर्धी भरली तरी बदला, दमट हवेत पावडर फिल्टरवर लेपासारखी बसते आणि मग झटकूनही निघत नाही. नुसत्या सागवान-आंब्याचा भुसा कुंड्यांच्या कंपोस्टमध्ये थोडा थोडा चालतो, एमडीएफ आणि प्लायचा मात्र नाही, त्यातला डिंक मातीत जातो, तो पिशवीचं तोंड बांधून सुक्या कचऱ्यात द्या आणि कचरा नेणाऱ्या ताईंना सांगा की आत बारीक पावडर आहे, पिशवी फोडू नका.